अण्णांची पावलं, माझा कोड

शनिवारची रात्र. रूममेट्स तयार होऊन दारात उभ्या. "अगं चल ना! काय त्या घड्याळांशी खेळत बसलीयस?" आणि मी बेडवर मांडी ठोकून, मांडीवर लॅपटॉप, दोन्ही मनगटांवर एकेक फिटनेस बँड, समोर थंड झालेली मॅगी. पॅसेजमध्ये शंभर पावलं चालायची, परत यायचं, स्क्रीनवरचे आकडे बघायचे. पुन्हा शंभर पावलं. शेजारच्या काकूंनी एकदा दार उघडून विचारलंच, "काही हरवलंय का?"

हरवलं होतं खरं. अण्णांची आठ महिन्यांची पावलं हरवली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता रिटायर्ड, मुक्काम सांगली. आयुष्यभर कोणती गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता लागली, याच्या नोंदी ठेवलेला माणूस. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाळीस मिनिटं चालायचं. मी पुण्यात, आयटीत, महिन्यातून एकदा घरी जाणारी. अशा मुली काय करतात? ऑनलाइन खरेदी करतात! मी अण्णांना एक फिटनेस बँड पाठवून दिला. अपराधीपणावर कॅश ऑन डिलिव्हरी.

बँड त्यांना आवडला. त्याचं अ‍ॅप मात्र नाही. ईमेल द्या, जन्मतारीख द्या, कॉन्टॅक्ट्स बघू द्या, लोकेशन द्या. लोकेशनचं मी समजू शकत होते, कारण जुन्या अँड्रॉइडमध्ये आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ती परवानगी लागायचीच. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली. पण कॉन्टॅक्ट्स? अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "मी आमराईत चालतो, याच्याशी यांना काय करायचंय?" मी म्हटलं, "अण्णा, सगळे असंच विचारतात. 'ओके' दाबा." त्यांनी दाबलं.

आठ महिन्यांनी त्यांनी फोन बदलला. अ‍ॅपमध्ये पुन्हा लॉगिन करायचं तर ओटीपी जुन्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. कस्टमर केअरला चार मेल केल्या, चारही वेळा एकच छापील उत्तर. रोजची पावलं, पहाटेचे ठोके, सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर सुखरूप होतं. फक्त आम्हाला दिसत नव्हतं. अण्णा एवढंच म्हणाले, "लॉगशीट डेपोत ठेवली असती तर अशी गहाळ झाली नसती."

ते वाक्य मला लागलं. कारण मी रोज ऑफिसात बसून लोकांचा डेटा सर्व्हरवर नेणारंच सॉफ्टवेअर लिहिते.

शोधता शोधता मला 'गॅजेटब्रिज' सापडलं. ओपन सोर्स अ‍ॅप, म्हणजे त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. बँड किंवा घड्याळ बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपऐवजी हे वापरायचं. अकाउंट नाही, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. सगळ्या नोंदी तुमच्याच फोनमध्ये. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मूळ अ‍ॅपनं अँड्रॉइडकडे इंटरनेटची परवानगीच मागितलेली नाही. त्यामुळे त्यानं ठरवलं तरी डेटा बाहेर जाऊ शकत नाही. तोंडाला कुलूप असलेला मित्र. असा मित्र मला तरी अजून भेटलेला नाही!

याची सुरुवात झाली २०१५ मध्ये, 'पेबल' नावाच्या स्मार्टवॉचसाठी. आठवतंय का पेबल? २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी एक कोटी डॉलरहून जास्त पैसे आधीच देऊन टाकले होते त्या घड्याळासाठी. चार वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, कंपनीनं गाशा गुंडाळला आणि तिचं तंत्रज्ञान फिटबिटनं घेतलं. २०१८ च्या जूनअखेर पेबलचे सर्व्हरही बंद झाले. फिटबिट स्वतः २०२१ मध्ये गूगलकडे गेली. घड्याळ तुमच्या मनगटावर तेच, मालक मात्र बदलत गेले. ज्यांच्याकडे गॅजेटब्रिज होतं त्यांचं घड्याळ त्या जूननंतरही फोनशी बोलत राहिलं, कारण ते कुणाच्या सर्व्हरवर अवलंबूनच नव्हतं. (जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं पेबलच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बराचसा कोड खुला केला, ही या गोष्टीतली गोड बातमी.)

पेबलनंतर या अ‍ॅपमध्ये कितीतरी कंपन्यांची उपकरणं जोडली गेली. जगभरातले लोक आपापल्या हातातलं घड्याळ चालावं म्हणून संध्याकाळी, सुट्टीत, फुकट कोड लिहितात. यादी लांबलचक. मी अण्णांचं मॉडेल शोधलं. त्याचा एक भाऊबंद यादीत होता, ते नव्हतं. भाऊबंदाच्या नावानं जोडून पाहिलं तर बॅटरी दिसली, ठोके दिसले, पावलं मात्र शून्य.

इथून माझे शनिवार गेले.

आता थोडं ब्लूटूथबद्दल. घाबरू नका, परीक्षा नाही. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं हे नाव, आणि तो वाकडातिकडा लोगो म्हणजे त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं जुन्या रून लिपीत एकावर एक. आपल्या बँडमध्ये असतं ते 'ब्लूटूथ लो एनर्जी', २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० सोबत आलेलं. नावाप्रमाणेच काटकसरी. बराच वेळ झोपतं, मध्येच उठून दोन शब्द बोलतं, परत झोपतं. म्हणून तर एवढीशी बॅटरी दिवसेंदिवस पुरते.

बँडच्या आत कप्पे असतात असं समजा. प्रत्येक कप्प्याला नंबर. १८०एफ हा बॅटरीचा कप्पा, १८०डी हा हृदयाच्या ठोक्यांचा. हे नंबर जगभर सारखे. बॅटरीचा कप्पा उघडला की एकच बाइट मिळतो, शून्य ते शंभर. ठोक्यांच्या कप्प्यात पहिला बाइट सांगतो की पुढचा आकडा एका बाइटचा आहे की दोन. अगदी सरळ मामला. पण पावलं, झोप, मागच्या आठवड्याचा इतिहास या गोष्टी बहुतेक कंपन्या स्वतःच्या खासगी कप्प्यात ठेवतात, आणि त्या उघडायच्या कशा हे कुठे छापलेलं नसतं.

मग काय करायचं? कान लावून बसायचं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. त्यात ब्लूटूथचं सगळं संभाषण फाइलमध्ये साठवायची सोय आहे. मी तसलाच एक बँड सेकंडहँड घेतला, कंपनीचं अ‍ॅप माझ्या जुन्या फोनवर टाकलं, ते बँडशी काय बोलतं ते साठवलं आणि 'वायरशार्क'मध्ये उघडून वाचायला बसले. आणि हो, हे बेकायदा नाही बरं का! आपण विकत घेतलेल्या गोष्टीशी आपला प्रोग्राम जुळवून घ्यायला लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती अशी शोधायला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच सवलत आहे. ऑफिसच्या एचआरला मात्र आधी मेल टाकून परवानगी घेतली. अपॉइंटमेंट लेटरमधली बारीक अक्षरं तुम्हीही एकदा वाचून ठेवा.

पॅकेटच्या साध्या आकारात एका वेळी वीस बाइट माहिती जाते. वीस! एका एसएमएसहूनही कमी. त्या वीस आकड्यांत माझ्या वडिलांची पावलं कुठे दडलीयत? म्हणून पॅसेजमधल्या फेऱ्या. शंभर पावलं चालायचं आणि कोणता आकडा शंभरानं वाढला ते शोधायचं. तीन आठवडे काही जुळेना. मग एका रात्री ट्यूब पेटली. बँड आकडा उलटा पाठवत होता! लहान बाइट आधी, मोठा नंतर. बँडच्या स्क्रीनवर ४,२१० पावलं, आणि पॅकेटमध्ये ७२ १०. सोळाच्या हिशेबात ते १० म्हणजे आपले १६, त्याला २५६ नं गुणायचं. ७२ म्हणजे ११४, ते मिळवायचे. झाले ४,२१०. आणि मी स्वतःला मूर्ख म्हणाले, कारण मराठी माणसाला हे उलटं वाटायचं कारणच काय? आपणही 'बेचाळीस' म्हणताना आधी दोन म्हणतो, मग चाळीस.

कोड लिहून पाठवला. मला वाटलं, टाळ्या पडतील. आली ती सतरा टिपणांची यादी. या व्हेरिएबलचं नाव नीट नाही. इथे बँड मध्येच रेंजबाहेर गेला तर काय? हे दोनदा का लिहिलंय? कधीही न भेटलेली माणसं, पण भाषा अतिशय सभ्य आणि चूक एकही सोडायची नाही. ऑफिसात कोड रिव्ह्यू म्हणजे 'एलजीटीएम' लिहून चहाला जायचं. इथे पगार नाही, अप्रेझल नाही, तरी कुणीतरी माझी ओळ न् ओळ वाचलेली. मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग मी सतराच्या सतरा गोष्टी दुरुस्त केल्या.

अठरावी चूक अण्णांनी काढली. मी त्यांच्या फोनवर चाचणीचं व्हर्जन टाकलं, त्याच दिवशी फोन. "तुझं घड्याळ अर्धा तास मागे आहे." मी म्हटलं, "अण्णा, असं कसं होईल?" ते म्हणाले, "कोल्हापूर गाडी गेली आत्ता. सहा वाजले. तुझं घड्याळ साडेपाच म्हणतंय. कुणाचं खरं?" ब्लूटूथच्या ठरलेल्या पद्धतीत टाइमझोन पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत पाठवतात, आणि या बँडचंही तेच. भारताचे साडेपाच तास म्हणजे २२ तुकडे. मी पूर्ण तासांचाच विचार करून २० पाठवले होते. जन्मापासून भारतात राहून मी भारताचा अर्धा तास विसरले, आणि रिटायर्ड वाहतूक नियंत्रकानं तो एका सकाळीत पकडला. माझ्या आख्ख्या प्रोजेक्टमधला सर्वोत्तम टेस्टर!

कोड स्वीकारला गेला त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे ते कुणालाच नीट कळलं नाही. अण्णा खूष होते. रोज सकाळी आमराईत फेऱ्या, घरी येऊन चहा, मग आलेख बघणं. नोंदी त्यांच्या, फोन त्यांचा, लॉगशीट डेपोतच.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

अ‍ॅपला इंटरनेट नाही, म्हणजे डेटा कंपनीकडे जात नाही. पण म्हणजे तो माझ्याकडेही येत नाही! मी पुण्यात. अण्णा आज चालले का? रात्री ठोके कसे होते? फोन केला की एकच उत्तर, "मी ठीक आहे, तू जेवलीस का?" आणि माझ्याकडे तर सगळा कोड होता. ओपन सोर्सच ते. आपली प्रत काढायची, हवा तो बदल करायचा. अँड्रॉइडमध्ये इंटरनेटची परवानगी घेणं म्हणजे एका फाइलमध्ये एक ओळ. आणि गंमत ऐका, ही परवानगी फोन वापरणाऱ्याला विचारतच नाही. कॅमेऱ्यासाठी विचारतो, मायक्रोफोनसाठी विचारतो. इंटरनेट मात्र इन्स्टॉल होतानाच मुकाट देऊन टाकतो.

दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा मी अण्णांचा फोन हातात घेतला. "अपडेट करते हं," म्हटलं. त्यांनी विश्वासानं दिला. आई दिवाणखान्यात चकल्या डब्यात भरत होती. पाच मिनिटांचं काम.

त्यानंतर मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मला अण्णा दिसायचे. ६.१०, चालायला लागले. ६.५५, परतले. ठोके ७४. काय सुख होतं म्हणून सांगू! फोन करायची गरजच उरली नाही. आणि मी तो कमी कमी करत गेले, हे मला तेव्हा कळलंही नाही.

मग जानेवारीतला एक मंगळवार. सात वाजले, पावलं शून्य. आठ वाजले, शून्य. ठोक्यांचीही नोंद नाही. आई त्या आठवड्यात मिरजेला मावशीकडे. फोन केला, वाजतोय, उचलत नाहीत. चौदा वेळा केला. शेजारच्या काकांना सांगितलं. ते गेले तर दाराला कुलूप, आत फोन वाजतोय. गल्ली गोळा झाली. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीची चावी हातात धरून थरथरत उभी. पुणे ते सांगली, चार-साडेचार तास. तेवढ्या वेळात काय काय होऊ शकतं, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होऊन गेलं.

बारा वाजता अण्णांचाच फोन आला. डेपोतले त्यांचे जुने ड्रायव्हर पहाटे गेले होते. अण्णा अंत्ययात्रेला गेले, जाताना बँड आणि फोन घरीच ठेवला. एवढंच.

"अण्णा, मला वाटलं..." मला रडूच फुटलं. "सकाळपासून एकही पाऊल नाही, ठोके नाहीत..."

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, "तुला कसं कळलं?"

मी सगळं सांगितलं. दिवाळीचं, अपडेटचं, त्या एका ओळीचं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एसटीत मार्ग तपासणी पथक असतं. मधल्याच स्टॉपला गाडी अडवतं, कंडक्टरची बॅग बघतं. वाईट काम नाही ते. पण ते युनिफॉर्ममध्ये येतात, पोरी. समोरून गाडीत चढतात. तू मागच्या दारानं चढलीस." आणि मग, "त्या कंपनीनं निदान 'ओके' तरी दाबायला लावलं होतं."

फोन ठेवल्यावर मी तशीच पार्किंगमध्ये बसून राहिले. गॅजेटब्रिजच्या लायसन्सप्रमाणे, बदललेला प्रोग्राम तुम्ही ज्याच्या हातात द्याल त्याला त्याचा कोड मागायचा हक्क असतो. म्हणजे काय बदललंय ते बघायचा हक्क. रिव्ह्यूत सतरा चुका दुरुस्त करून घेणारी मी, हीच साधी गोष्ट वडिलांच्या बाबतीत विसरले. मोठ्या कंपन्यांना आपण नावं ठेवतो की त्यांना आपला डेटा हवा असतो. मलाही हवाच होता. माझं कारण प्रेमाचं होतं एवढंच. पण ज्याच्या मनगटावर बँड आहे, त्याला कारण विचारून काय उपयोग? त्याला विचारायचं असतं ते आधी.

त्या शनिवारी सांगलीला गेले. त्यांच्यासमोर बसून माझं व्हर्जन काढलं, मूळ अ‍ॅप टाकलं, त्यांच्या नोंदी परत भरल्या, सर्व्हरवरचं सगळं पुसलं. अण्णांनी प्रत्येक पायरी विचारून घेतली. "आता यातून बाहेर काही जातं?" नाही. "मी पाठवलं तर?" तर जातं, अण्णा. फाइल काढून देता येते. "बरं."

मी घाबरत विचारलं, "मग मला कळणार कसं?" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी इंजिनियर कशी झाले याचंच त्यांना नवल वाटतंय. म्हणाले, "कंट्रोल रूमला कसं कळायचं? फोन असायचा."

आता रोज सकाळी सात-सव्वासातला, मी ब्रश तोंडात घेऊन उभी असताना फोन वाजतो. हॅलो नाही, काही नाही.

"गाडी सहा दहाला सुटली. सहा पंचावन्नला लागली. चार हजार दोनशे दहा. लिहून घे."

मी खरंच लिहून घेते. फ्रिजवर चिकटवलेल्या कॅलेंडरवर, पेन्सिलनं. मग ते विचारतात, "तू चाललीस का काल?" आणि मला रोज काहीतरी थाप मारावी लागते. माझा बँड माझ्याच फोनशी बोलतो, त्यांच्याशी नाही, हे किती बरं आहे!